छताखालचं आकाश

आमचे बाबा एका वाक्यात वाकबगार होते: 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' हे वाक्य ते ऑफिसात हिंदीत आणि इंग्रजीत लिहायचे आणि घरी मराठीत बोलायचे. लहानपणी मी गणित अडलं म्हणून वही घेऊन गेले की वर्तमानपत्राआडून आवाज यायचा, हा विषय आईच्या अखत्यारीत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात विश्वास पानसे यांची सगळी नोकरी कुठली फाइल कुणाची हे ठरवण्यात गेली. बहुतेक फाइली दुसऱ्या कुणाच्या तरी निघायच्या. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यावरून आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली आहे. मग माझ्या धाकट्या भावाच्या हातून एक माणूस गेला, आणि तेच वाक्य आम्हाला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची पाळी आली.

'हातून गेला' असं मी म्हणते आहे कारण फरीदाबादच्या पोलिसांनी तसं लिहून घेतलं. माझं मत वेगळं आहे, पण माझ्या मताला कोण विचारतो.

अंशुमन फरीदाबादला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका प्रचंड गोदामात ड्रोन उडवायचा. ड्रोन म्हटलं की लोकांना लग्नाचं शूटिंग आठवतं. इथे तो छताखाली उडायचा. दोन्ही बाजूंना उंच रॅक, मधे अरुंद गल्ली. त्या गल्लीतून ड्रोन वर चढायचा, एकेका खोक्यावरचा कोड वाचायचा आणि किती माल आहे ते कॉम्प्युटरवर यायचं. पूर्वी हे काम माणसं शिडीवर चढून करायची. आता मोजणीची शिडी गेली, पण माल काढायची राहिली. म्हणजे वर ड्रोन मोजतोय आणि त्याच गल्लीत शिडीवर माणूस खोकी काढतोय, असं रोज चालायचं. अंशुमनने मॅनेजर धवल सरांना सांगितलं होतं की मी उडवत असेन तेव्हा गल्ली रिकामी ठेवा. सर म्हणाले, देखते हैं, डिस्पॅच थोडंच थांबवणार. बोलणं तोंडी, उत्तरही तोंडी. गल्ली रिकामी ठेवा असं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती कुणी ठेवली नाही.

सप्टेंबर सरत आला होता. एका दुपारी ड्रोन गल्लीत वर असताना एकदम एका बाजूला कलला आणि शिडीवर खोकी काढणाऱ्या हरिदास नावाच्या कामगारावर आदळला. हरिदास शिडीसकट खाली आला. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हरिदासला आई आणि मी एकदाच भेटलो होतो, त्याच महिन्यात, विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी दिल्लीच्या आसपासचे कारखाने यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात. आपल्याकडे खंडेनवमीला करतात तेच, फक्त इथे माइक असतो, पुरी-भाजी आणि बुंदी असते, आणि घरच्यांना आमंत्रण असतं. बाबांना रजा नव्हती. मी मुनिरक्यात खोली घेऊन पीएचडी रेटते आहे, मला फुकटचं जेवण कधीच वर्ज्य नसतं. फोर्कलिफ्टला झेंडूच्या माळा, वजनकाट्याला कुंकू, आणि मधोमध पांढऱ्या कापडावर आमच्या अंशुमनचा ड्रोन नवऱ्यामुलासारखा नटून बसलेला. हरिदास तिथला जुना माणूस, बिहारकडचा. त्याने कुठूनशी आईसाठी खुर्ची पैदा केली, स्वतःच्या रुमालाने पुसली, बायकोला म्हणजे अरुणाला बोलावून ओळख करून दिली. "पायलट साहब की माताजी हैं," असं तो येईल त्याला सांगत होता.

पंडितजी प्रत्येक यंत्राला कलावा बांधत होते. कलावा म्हणजे पूजेत मनगटाला बांधतात तो लाल-पिवळा दोरा. ड्रोनपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, उडणाऱ्या मशीनला कोण बांधणार? हरिदास म्हणाला, माताजी. आई इतकी खूश झाली की उठताना पदर खुर्चीत अडकला. तिने ड्रोनच्या एका हाताला, म्हणजे पंखा धरणाऱ्या दांड्याला, दोरा गुंडाळला, गाठ मारली, नमस्कार केला. जेवणं झाल्यावर अंशुमन माळ उतरवत होता, कॅमेऱ्यावरचं कुंकू पुसत होता. कात्री घेऊन तो कलाव्याकडे वळला तेव्हा आई म्हणाली, "अरे, कलावा कापायचा नसतो. आपोआप सुटू दे."

"माताजी ठीक कह रही हैं," हरिदास म्हणाला.

अंशुमनने कात्री ठेवून दिली. आम्ही बुंदीचा डबा घेऊन मेट्रोने घरी आलो.

पोलिसांचं काम सरळ होतं. उड़ा कौन रहा था? अंशुमन. मग निष्काळजीपणामुळे मृत्यू, गुन्हा अंशुमनवर. जामीन लगेच झाला, नोकरी त्याहून लगेच गेली. ड्रोन सील करून पोलीस ठाण्याच्या कोठीत ठेवला. तो उघडून बघायचं ज्ञान पोलिसांकडे नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

बाबांनी पहिल्या दिवशीच सगळं मांडून दाखवलं. प्रश्न दोन आहेत, ते म्हणाले. ड्रोन कलला का, आणि खाली माणूस का होता. दोन्हींपैकी एकाचं जरी उत्तर सरकारी कागदावर आलं तरी कोर्ट एकट्या अंशुमनला दोषी धरणार नाही. पण हे विचारायला कुठलं तरी खातं जागेवर यायला हवं. नाही आलं तर मुलगा तुरुंगात जाईल. हे शेवटचं वाक्य त्यांनी चष्मा पुसत म्हटलं.

आम्ही दोघं हिंडायला लागलो. आधी विमान वाहतुकीच्या ऑफिसात. तिथले अधिकारी फार सभ्य. चहा मागवला, घटनेबद्दल वाईट वाटलं म्हणाले, मग म्हणाले, "पर सर, ये तो इनडोर है." त्यांचे नियम उघड्या आकाशासाठी. छताखाली जे उडतं ते त्यांच्या हिशेबी उडतच नाही. मग फरीदाबादला राज्याच्या कारखाना निरीक्षकाकडे. बळवंत सिंग त्यांचं नाव. त्यांच्याकडे प्रेस, क्रेन, लिफ्ट, सगळ्याचे नियम होते. "ये तो हवाई जहाज़ की बिरादरी का है जी," ते म्हणाले, "हमारे यहाँ उड़ने वाली चीज़ नहीं आती." शिवाय ते गोदाम म्हणजे कारखाना की दुकान, इथूनच त्यांची सुरुवात होती. मग केंद्राच्या श्रम खात्यात. तिथे बाबांच्या बॅचचा माणूस निघाला. त्याने गळाभेट घेतली आणि हा राज्याचा विषय असल्याचं सांगितलं.

जिना उतरताना मी म्हणाले, "बाबा, तुमचंच वाक्य."

"हो," बाबा म्हणाले. "ड्राफ्टिंग चांगलं होतं."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते.

घरी आईचा एकच धोशा, मशीन उघडा. "यंत्रात काहीतरी बिघाड असणार. माझा मुलगा सायकलसुद्धा सांभाळून चालवतो. उघडलं की कळेल सगळ्यांना." ती रोज देवापाशी हेच मागत होती. एकटा अंशुमन उलटं बोलायचा. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, जेवायला उठवावं लागायचं, आणि इन्स्पेक्शनचा विषय निघाला की म्हणायचा, "राहू दे ना यार, बाबा. उघडून काय मिळणार. मी उडवत होतो, बस." आम्हाला वाटलं, धक्का बसलाय. आईने त्याला साजूक तुपातला शिरा करून घातला, मी काउन्सेलरचा नंबर आणला. बाबा चिडले. आयुष्यात पहिल्यांदा ते एक विषय अंगावर घेऊन पळत होते, आणि ज्याच्यासाठी पळत होते तोच पाय मागे ओढत होता.

शेवटी बाबांनी आपली विद्या बाहेर काढली. ते म्हणाले, आपण विचारतो 'हे तुमचं आहे का?', म्हणून उत्तर 'नाही' येतं. मग त्यांनी विमानवाल्यांना कळवलं की सदर अपघाताची चौकशी राज्याचे कारखाना निरीक्षक करणार असून, यापुढे बंदिस्त जागेतले सर्व ड्रोन त्यांच्याच देखरेखीखाली जातील, तरी आपली हरकत नसल्याचं कळवावं. आणि कारखानावाल्यांना हेच, उलट करून. दोन्हीकडे ओळखीपाळखीने दोन-दोन फोनही लावले. काम करायला कुणी राजी नव्हतं, पण आपलं कुरण शेजाऱ्याला देणार कोण? पंधरवड्याच्या आत दोघांचीही पत्रं आली की तपासणीच्या वेळी आमचा प्रतिनिधी हजर राहील. बाबांनी पत्रं आईपुढे ठेवली. इतका आनंद त्यांना प्रमोशनलाही झाला नव्हता. आईने त्या दिवशी पुरणपोळी केली. अंशुमनने अर्धी खाल्ली.

तपासणी गोदामातच झाली. जानेवारी होता, बाहेर धुकं आणि धूर असं मिसळलेलं की समोरची गाडी दिसेना. आतल्या एका खोलीत टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ड्रोन ठेवला होता. सबइन्स्पेक्टर सील घेऊन उभा. विमानवाल्यांकडून विनय कुमार नावाचे तरुण इंजिनिअर आले होते, कारखान्यांकडून खुद्द बळवंत सिंग. कंपनीकडून धवल सर. आणि आम्ही चौघं. आईला येऊ नको म्हटलं तरी ती आली, यंत्राचा बिघाड तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. बाहेर बाकावर अरुणा बसलेली होती. तिला जबानीसाठी बोलावलं होतं, पण आत कुणी बोलावलं नाही.

विनय कुमारांनी एकेक पंखा बोटाने फिरवून पाहिला. तीन फिरले, चौथा हलेना. त्यांनी स्क्रू काढून पंखा उचलला, खाली मोटरच्या दांड्याभोवती काहीतरी काळं, घट्ट गुंडाळलेलं होतं. चिमट्याने ते हळूहळू सोडवत गेले. पुष्कळ लांब निघालं ते. जळून कडक झालं होतं, पण शेवटचा तुकडा बाहेर आला तो लाल होता, त्यात पिवळा.

"ये क्या है?" विनय कुमार म्हणाले.

बळवंत सिंगांना विचारायची गरज नव्हती. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर तसाच होता. सबइन्स्पेक्टरच्याही होता. "कलावा है," ते म्हणाले, आणि जरा मागे सरकले. "किसने बाँधा?"

"मैंने," अंशुमन म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की मला तेव्हाच सगळं उमगलं. इतके महिने तो भिंतीकडे तोंड करून काय बघत होता ते कळलं. त्याला अपघाताच्या दिवसापासून माहीत होतं. मशीन उघडू नका म्हणत होता तो आईसाठी.

आई टेबलावरच्या त्या दोऱ्याकडे बघत होती. मग ती अंशुमनकडे वळली आणि घरी बोलते तसं बोलली, "तू कुठे बांधलास? मी बांधला. कापू नको म्हणून मीच सांगितलं ना तुला."

खोलीत मराठी समजणारे आम्ही चौघंच होतो. बळवंत सिंगांनी पेन थांबवून बाबांना विचारलं, "माताजी क्या कह रही हैं?"

बाबांनी आईकडे पाहिलं नाही. "कुछ नहीं," ते म्हणाले. "माँ है, घबरा गई है."

बळवंत सिंगांनी मान हलवली आणि लिहायला लागले. पुढे तिथे जे झालं ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोलीत एकदम मोकळं वातावरण पसरलं. विनय कुमार म्हणाले, यंत्रात उत्पादनाचा दोष नाही. बळवंत सिंग म्हणाले, जागेतही काही दोष नाही. धवल सर म्हणाले, कंपनीने मशीनला काही बांधायला सांगितलं नव्हतं, ते तर श्रद्धेचा विषय आहे. इतके दिवस ज्यांचं एका ओळीवर एकमत होत नव्हतं, ते एका कागदावर सह्या करायला एकमेकांना पेन देत होते.

बाबांनी मग आपला दुसरा प्रश्न विचारला. "और नीचे आदमी क्यों था?"

"अब वो सवाल कहाँ रहा, साहब," बळवंत सिंग म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही घरी आलो. आईने नेहमीसारखा कुकर लावला. मग ओट्यापाशीच उभी राहून म्हणाली, "तुम्ही 'कुछ नहीं' म्हणालात."

"पद्मजा, सांगून काही बदलत नाही," बाबा म्हणाले. ते खुर्चीत मागे टेकले नव्हते, कडेवर बसले होते. "उडवायच्या आधी मशीन तपासणं पायलटचं काम. दोरा कुणी बांधला हा प्रश्नच उद्भवत नाही. तुझं नाव आलं असतं तर तुम्ही दोघं अडकला असतात, एकही सुटला नसता."

"मला सुटायचं नव्हतं."

अंशुमन दारात येऊन उभा होता. "आई, चूक माझीच आहे. मी रोज बघत होतो तो दोरा. टोक सुटायला लागलं होतं, तेही दिसत होतं."

"मग का नाही कापलास?"

"तू नको म्हणालीस ना," अंशुमन म्हणाला.

त्याने टोमणा मारला नव्हता. सहा वर्षांचा असताना ज्या आवाजात उत्तर द्यायचा त्याच आवाजात दिलं होतं. त्यामुळेच ते ऐकवलं नाही. आईने गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कुकर तसाच राहिला.

नंतर काही दिवसांनी ती मला म्हणाली, फरीदाबादला चल. बाबांना सांगितलं नाही. ठाण्यातल्या इन्स्पेक्टरने आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आईने मुद्दाम हिंदीत, एकेक शब्द मोजून सांगितलं की दोरा मी बांधला, न कापायला मी सांगितलं, माझ्या मुलाला सोडा आणि माझं नाव लिहा. इन्स्पेक्टरने सगळं ऐकून घेतलं.

"माताजी, बेटे के लिए हर माँ यही कहती है," तो म्हणाला.

"मैं झूठ नहीं बोल रही."

"मान लिया. पर धागा बाँधना कोई जुर्म थोड़े है. इसकी धारा ही नहीं बनती. आप घर जाइए."

आई उठेना. गुन्हा कबूल करायला आलेल्या बाईला घरी जा म्हणताहेत, हे तिला उमजेना. बाबांच्या सगळ्या नोकरीत कुणी त्यांच्याकडे असा अर्ज केला नसेल. शेवटी मी तिला धरून उठवलं. तिचा दंड इतका बारीक झालाय हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "आता तिच्याकडे."

अरुणाची खोली गोदामाच्या मागच्या वस्तीत होती. मुलीची शाळा संपेपर्यंत ती गावी जाणार नव्हती. तिने आम्हाला ओळखलं. खाटेवरचे कपडे बाजूला केले आणि आईला बसायला सांगितलं. आई बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "वो धागा मैंने बाँधा था."

"मालूम है," अरुणा म्हणाली. "मैं वहीं तो थी."

"तुमने किसी को बताया नहीं?"

"किसी ने पूछा नहीं. और बताती क्या? आपने हाथ जोड़कर बाँधा था. वो भी खुश था."

आई तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. मी तिला इतकं मोठ्याने रडताना कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही. मला माफ कर, मला माफ कर, असं ती म्हणत राहिली, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. अरुणा तिच्यासमोर उकिडवी बसली. तिने आईचे हात धरले नाहीत, झटकलेही नाहीत.

"मैं कौन होती हूँ माफ करने वाली, माताजी," ती म्हणाली. "मरा वो है. करता तो वही करता."

आईचं रडणं थांबायला वेळ लागला. अरुणाने तिला पाणी दिलं. मग तीच म्हणाली की तिला एक विचारायचं आहे. हरिदासच्या जागी कंपनीने तिच्या भावाला घेतलं. नवा पायलट आला, नवा ड्रोन आला. मशीनला काहीही बांधू नये अशी पाटी लागली. पण ड्रोन वर असतो तेव्हा भाऊ त्याच गल्लीत, त्याच शिडीवर असतो.

"अब भी?" मी विचारलं.

"अब भी. मैंने मैनेजर साहब को बोला, वो बोले ऊपर से कोई आर्डर नहीं है." तिने आईकडे पाहिलं. "आपके साहब तो सरकार में हैं. उनसे पूछ के बताइए ना, ये किससे बोलना पड़ता है? कि जब वो उड़े, तब आदमी नीचे न हो. बस इतना. किसके पास जाऊँ?"

परतीच्या मेट्रोत आईने डोळे मिटून घेतले होते, पण ती झोपलेली नव्हती. घरी आलो तेव्हा बाबा आणि अंशुमन जेवायला बसले होते. आईने पर्स खाली ठेवली नाही. ठाण्यातलं काही सांगितलं नाही. टेबलापाशी उभी राहून तिने अरुणाचा प्रश्न जसा होता तसा विचारला, भावासकट, शिडीसकट.

"सांगा," ती म्हणाली. "मी तिला कळवते म्हणाले आहे. कुणाकडे जायचं तिने?"

अंशुमनने ताटातून मान वर केली नाही. बाबांनी घास खाली ठेवला. सगळ्या दिल्लीत कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो हे ज्यांना तोंडपाठ होतं, ते आमचे बाबा आईकडे बघत राहिले. विमानवाल्यांचं ऑफिस, निरीक्षकाचं ऑफिस, श्रम खातं, सगळं त्यांच्या मनात एकदा फिरून आलं असणार. मी त्यांच्या त्या वाक्याची वाट बघत होते.

"कुणाकडेच नाही," बाबा म्हणाले.

आईने मान हलवली आणि तशीच उभी राहून फोनमध्ये अरुणाचा नंबर शोधायला लागली.